बेअरिंग आणायला चाललाय? आधी त्याच्यावरचा नंबर वाचा

"एक बेअरिंग द्या ओ मालक" एवढंच म्हणून काउंटरवर उभं राहिलं की दुकानदार आधी तोंडाकडं बघतो, मग विचारतो, कशाचं? बरोबरच आहे त्याचं. आपण हा एकच शब्द सगळ्याला लावतो. इंजिनवाला मेस्त्री "बेअरिंग गेलंय" म्हणाला तर त्यात गोळ्या नसतात, क्रँकवर (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यावर) बसणाऱ्या दोन अर्ध्या वाट्या असतात, क्रँक जेवढा घासून कमी केला तेवढ्या जाड वाट्या घ्याव्या लागतात. बुशमध्ये, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या साध्या नळीत पण गोळ्या नसतात, तरी काम बेअरिंगचंच, फिरत्या दांड्याला आधार द्यायचं. पुलाच्या गर्डरखालच्या रबरी पॅडलाही सिव्हिलवाले बेअरिंगच म्हणतात, आणि सर्व्हेवाल्यांचं बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून मोजलेला कोन, ते काय कुठल्या दुकानात मिळत नाही :)

आपल्याला बहुतेक वेळा लागतं ते बॉल बेअरिंग, फॅनचं नाहीतर मोटरचं. जुनं काढलं की रॉकेलच्या फडक्यानं कडेची रिंग पुसा, नंबर दिसतो. समजा ६२०४ आहे. शेवटचे दोन आकडे गुणिले ५, म्हणजे आतलं भोक २० मिमी. हा हिशोब ०४ पासून पुढं चालतो, त्याच्या खालचे पाठच करायचे: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. नंबरच्या सुरुवातीला ६२ का ६३ ते पण नीट बघा, कारण ६२०५ आणि ६३०५ दोन्हीचं भोक २५ च, पण बाहेरून एक ५२ आणि दुसरं ६२ मिमी, घरी आणल्यावर हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंग बसायच्या खाचेत जाणारच नाही बे ते. नंबर पुसला गेला असेल तर जुनंच खिशात घालून न्या, व्हर्नियरनं (मापाच्या पट्टीनं) मोजून देतात.

नंबरनंतर लिहिलेली अक्षरं लोक सोडून देतात, खरी गंमत तिथंच आहे. झेडझेड म्हणजे दोन्हीकडं पत्र्याचं झाकण, टू आरएस म्हणजे रबरी सील. सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये सगळीकडं कापसाचा भुसा उडत असतो, तिथं उघडं बेअरिंग लावलं तर तो भुसा ग्रीसमध्ये बसून ग्रीसच खातो, तिथं माझं मत सरळ रबरी सीलवालं. सी थ्री लिहिलं असेल तर आत गोळ्यांना जरा जास्त मोकळीक असते, गरम होणाऱ्या मोटरला ते चालतं, म्हणून जुन्यावर सी थ्री असेल तर नवीन पण तेच मागा.

बसवताना शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) ठोकायचं असेल तर मार आतल्या रिंगवर, हाउसिंगमध्ये घालायचं असेल तर बाहेरच्या रिंगवर, मापाचा पाइपचा तुकडा लावून हळूहळू. उलटं केलं तर सगळा मार गोळ्यांवर जातो आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी कुरकुरतं. उघडं असेल तर ग्रीस आतल्या मोकळ्या जागेच्या निम्म्यापर्यंतच, ठासून भरलं की उलट तापतं. आणि आतली रिंग शाफ्टवरच फिरायला लागली असेल तर सेंटर पंचानं टोचे मारून बसवू नका, आठ दिवसात परत तेच, शाफ्ट लेथवाल्याकडं न्या, झिजलेली जागा भरून, मापात टर्न करून मिळतो.