मालवणात तीन दिवस: आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

मालवणजवळच्या तारकर्लीला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी खोली शोधतात, मग गाडीचं तिकीट, आणि समुद्राचा विचार थेट वाळूत उभं राहिल्यावर करतात. मग स्कूबाच्या दिवशी पाणी गढूळ निघतं, संध्याकाळी फिरायला जावं तर भरतीने किनारा अर्धा गिळलेला असतो. दोन-तीन दिवसांच्या सहलीत हे परवडत नाही, म्हणून सुरुवात कालनिर्णयपासून करायची.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, म्हणजे सव्वाअकरा. मालवणात यात अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही फरक पडतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. रोज ती सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते.

आता कशासाठी जाताय ते ठरवा. स्कूबा मुख्य असेल तर सप्तमी ते दशमीच्या आसपासचे दिवस घ्या. तेव्हा भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट: पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी, तळाची वाळू कमी ढवळते, त्यामुळे खालचं बरं दिसतं. लांबलचक किनाऱ्यावर चालायचं असेल, मुलांना शंख-शिंपले वेचू द्यायचे असतील, तर पौर्णिमा किंवा अमावास्येजवळ जा. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोल जाते आणि ती संध्याकाळी पाच-साडेपाचच्या बेतात येते, म्हणजे सूर्यास्ताला पायाखाली घट्ट, ओली, सपाट वाळू. दोन्ही एकाच सहलीत साधायचा अट्टहास करू नका.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आंबे-फणस मिळतात, पण दुपारी अकरा ते चार खोलीतच बसावं लागतं. 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद असतात, तेव्हा समुद्रातला सिंधुदुर्ग किल्लाही दुरूनच बघायचा. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते 1 जानेवारी टाळाच. आणखी एक तारीख बाहेरच्यांना माहीत नसते: आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. ती बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, पण तिथी ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन जाहीर होते. त्या दिवसांत मुंबईहून निघणारी गाडी आणि मालवणातली खोली दोन्ही मिळणं कठीण.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मुंबईहून कोकणकन्या एक्सप्रेसने रात्री निघालात की सकाळी कुडाळ. मालवणला रेल्वे नाही. कुडाळहून साधारण 30 किलोमीटर, कणकवलीहून 40च्या वर. कुडाळला स्टेशन आणि एसटी स्टँड वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्यामुळे सामान आणि म्हातारी माणसं असतील तर स्टेशनवरूनच थेट रिक्षा ठरवा, आणि भाडं बसण्याआधी बोला. खोलीवाल्याला आदल्या दिवशी फोन केला तर तो बहुधा ओळखीची रिक्षा पाठवतो. सकाळी लवकर पोचल्यावर खोली मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारा. बऱ्याच ठिकाणी आधीचे पाहुणे अकरापर्यंत असतात.

राहायला मालवण, तारकर्ली की देवबाग? बाजार, जेटी, खानावळी हव्यात तर मालवण. किनारा हवा तर तारकर्ली, सात-आठ किलोमीटरवर. देवबाग त्याच्याही पुढे, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र अशी चिंचोळी पट्टी. आमचं मत देवबागच्या बाजूने, फक्त रोख पैसे मालवणातूनच काढून न्या.

दिवसांची मांडणी करताना समुद्रावर अवलंबून असलेलं सगळं पुढे घ्या आणि शेवटचा दिवस मोकळा ठेवा. वारा सुटला तर होड्या थांबतात; किल्ला तिसऱ्या दिवशी ठेवणाऱ्यांचा तो हमखास हुकतो. पहिल्या दिवशी जेवून थोडं पडून किल्ला, दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा, तिसरा दिवस राखीव.

स्कूबाला पोहता यायची गरज नाही, पण सर्दी असेल तर उतरू नका. नाक चोंदलेलं असेल तर कानातला दाब सुटत नाही आणि दुखणं थांबत नाही. आदल्या रात्री दारू नको, सकाळी भरपेट घावणे नकोत. दोन केळी आणि चहा पुरे, नाहीतर होडी नांगरावर डुलत असतानाच उलटी होते. ठरवताना चार प्रश्न विचारा: पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं, किती फूट, माणशी एक प्रशिक्षक आहे का, आणि व्हिडिओ पैशांत धरला आहे का. 'एक तासाची स्कूबा' यात होडीचा प्रवास आणि कपडे बदलणंही धरलेलं असतं. खाली दहा-पंधरा मिनिटंच मिळतात. उतरताना दर दोन-तीन फुटांवर नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारा. कान दुखायची वाट बघू नका. दुखायला लागल्यावर फुंकर लागत नाही, थोडं वर येऊनच पुन्हा करावं लागतं. श्वास फक्त तोंडाने, आणि कधीही रोखायचा नाही. खुणांत सगळ्यात मोठी फसगत अंगठ्याची होते. मजा येतेय म्हणून अंगठा वर केला तर प्रशिक्षक तुम्हाला वर नेतो, कारण पाण्याखाली त्याचा अर्थच 'वर चला' असा. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा. काही बिनसलं तर पंजा आडवा धरून हलवा. परतीचं विमान असेल तर स्कूबानंतर किमान 12 तास जाऊ द्या.

पोहायला देवबागच्या संगमावर उतरू नका. ओहोटीला नदी आणि समुद्र दोन्ही एकाच दिशेने ओढतात. तारकर्लीतही जिथे दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधला पट्टा गप्प, गडद दिसतो, तिथे पाणी शांत नसतं, बाहेर जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर सरका आणि फुटणाऱ्या लाटांबरोबर आत या.

किल्ल्यावर जाताना होडीचं नाव लक्षात ठेवा, बहुधा त्याच होडीने परतायचं असतं आणि वेळ तासाभराचाच मिळतो. 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधलेला हा किल्ला 48 एकरांचा आहे, सगळा तटबंदीवरून फिरायचा म्हटलं तर तास पुरत नाही. शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायांचे ठसे, दूधबाव-दहीबाव-साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, एवढं बघा. चपला रबराच्या तळाच्या घाला; होडीत चढता-उतरताना शेवाळावर पाय सरकतो.

जेवणाचं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, घरगुती ठिकाणी माणसं मोजूनच मासळी आणतात. थाळीचा भाव माशावर ठरतो: बांगडा स्वस्त, सुरमई-पापलेट महाग. वेगळा तळलेला तुकडा मागवताना तो तव्यावर जाण्याआधी भाव विचारा. सोमवारी आणि संकष्टीला अनेक घरांत वशाट, म्हणजे मासे-मटण, शिजत नाही. अशा दिवशी खापरोळ्या मागा, नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या.

परतताना वाटेवर धामापूरचा तलाव घेता येतो, पण गाडीच्या वेळेच्या दोन तास आधी मालवण सोडलेलं बरं. खाजा, आगळ (कोकमाचा अर्क), कोकमं हातातल्या पिशवीत. सुका बांगडा घेणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा पुन्हा पिशवीत बांधा. वातानुकूलित डब्यात वास कुठे जात नाही.