गोलरक्षकाच्या सरावसत्राची आखणी

बेळगावात लेले मैदानावर किंवा व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत फुटबॉलचा सराव घेणाऱ्या प्रशिक्षकाने गोलरक्षकाला उरल्यासुरल्या वेळात नुसते फटके झेलायला उभे करू नये. त्याच्यासाठी स्वतंत्र सत्र आखावे आणि त्यात एकच मुख्य विषय ठेवावा.

विषय जागा घेण्याचा असेल, तर 7.32 मीटर रुंद गोलच्या दोन्ही खांबांना दोऱ्या बांधून त्यांची टोके चेंडूपाशी आणावीत, म्हणजे दोन पावले पुढे सरकल्यावर दोन्ही बाजूंची मोकळी जागा किती आक्रसते, हे गोलरक्षकाला डोळ्यांनी दिसते. चेंडूची जागा दर वेळी बदलावी, आणि फटका बसण्याच्या क्षणी त्याचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर आहेत का, एवढेच पाहावे.

सूर मारणे आधी गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने शिकवावे. उन्हाळ्यात टणक झालेल्या तांबड्या मातीवर हे करवणे म्हणजे कोपर-ढोपर फोडून घेणेच. जमीन मऊ असेल तेव्हाच तो भाग घ्यावा. थोड्या फटक्यांनंतर विश्रांती द्यावी, कारण दमलेल्या अंगाला चुकीची सवय लवकर जडते.

शेवटची 15 मिनिटे बचावपटूंसह खेळवावे. 2025 च्या नियमानुसार चेंडू हातात 8 सेकंदांपेक्षा जास्त धरल्यास प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायचा फटका, मिळतो, म्हणून तिथे सेकंद मोठ्याने मोजावेत.