ब्रँच बदलायला चेकआउट नको, स्विच वापरा

नागपूरच्या आयटी पार्कात नव्याने रुजू झालेली पोरं अजूनही गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, सगळ्याला चेकआउट ही एकच कमांड हाणतात. त्याच कमांडपुढे नुसतं टिंब पडलं, की स्टेज न केलेले, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी निवडून न ठेवलेले बदल न विचारता साफ! २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून चेकआउटची ही कामं वेगळी झाली आहेत: ब्रँच (कोडची समांतर शाखा) बदलायला ‘गिट स्विच’, फाइल पूर्ववत करायला ‘गिट रिस्टोअर’. स्विचला चुकून फाइलचं नाव दिलं तर ते एरर देऊन थांबतं, फाइलला हात लावत नाही. रिस्टोअर मात्र जपून. बदल तेही पुसतंच, निदान नावावरून कळतं तरी. फाइल फक्त स्टेजमधून काढायची असेल तर रिस्टोअरपुढे दोन हायफन, लगेच ‘स्टेज्ड’ आणि मग फाइलचं नाव लिहा. लिहिलेला कोड जागचा हलत नाही.