वलेरिउस हे रोमन कुळनाव कसे चालवावे

लॅटिन नाव चालवण्याआधी त्यातले कुळनाव ओळखावे लागते. गाइउस वलेरिउस कतुल्लुस या कवीच्या नावात गाइउस हे त्याचे स्वतःचे नाव, वलेरिउस हे कुळाचे आणि कतुल्लुस हे शाखेचे. मधल्या शब्दाच्या शेवटी ‘-इउस’ दिसले की बहुधा तेच कुळनाव असते.

वलेरिउसचे जुने रूप वलेसिउस होते. दोन स्वरांमधल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ झाला. म्हणूनच ‘फ्लोस’ म्हणजे फूल, पण त्याची षष्ठी ‘फ्लोरिस’. इटलीतल्या सात्रिकुम या प्राचीन नगरात १९७७ साली सापडलेल्या, इ.स.पू. ५०० च्या सुमाराच्या शिलालेखात ‘पोप्लिओसिओ वलेसिओसिओ’, म्हणजे ‘पुब्लिउस वलेरिउसचे’, असे शब्द आहेत. त्यातला षष्ठीचा ‘-ओसिओ’ हा आपल्या ‘देवस्य’मधल्या ‘-अस्य’चा सख्खा भाऊच, त्यामुळे संस्कृत शिकलेल्याला तो परका वाटू नये.

अभिजात लॅटिनमध्ये मात्र हा प्रत्यय उरला नाही. तेथे प्रथमा वलेरिउस, द्वितीया वलेरिउम, चतुर्थी आणि पंचमी दोन्ही वलेरिओ, तर षष्ठी आधी वलेरी आणि पुढे वलेरिई अशी होते. कुळातल्या स्त्रीचे नाव वलेरिया, तिची षष्ठी वलेरिआए. अनेक वलेरिउस एकत्र आले की वलेरिई, आणि त्यांचे ते वलेरिओरुम.

मराठी माणूस हमखास चुकतो तो पुढच्या पायरीवर. आपण ‘गोपाळ गणेश आगरकरांना’ म्हणतो आणि प्रत्यय फक्त शेवटच्या शब्दाला लावतो. लॅटिनमध्ये तिन्ही नावे एकाच विभक्तीत न्यावी लागतात, म्हणून ‘कतुल्लुसला’ हे पूर्ण नावानिशी ‘गाइओ वलेरिओ कतुल्लो’ असे होते.

संबोधन वेगळे लक्षात ठेवावे. कतुल्लुसला हाक मारताना ‘कतुल्ले’, पण वलेरिउसला ‘वलेरी’, ‘वलेरिए’ नव्हे. हे रूप जुन्या षष्ठीसारखेच दिसत असल्याने निगिदिउस फिगुलुस या व्याकरणकाराने षष्ठीत ‘ले’वर आणि संबोधनात ‘व’वर आघात द्यावा असा नियम सांगितला होता. मात्र इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या गेल्लिउस या रोमन लेखकाने नोंदवले आहे की, आपल्या काळी कोणी ‘व’वर जोर देऊन हाक मारली, तर लोक त्याला हसतील. तेव्हा दोन्हीकडे ‘ले’वरच आघात द्यावा.