बेगीन स्त्रिया आणि पाखंडाचा संशय : वाचताना, लिहिताना या चुका टाळा

१ जून १३१० रोजी पॅरिसच्या प्लास द ग्रेव्ह चौकात मार्गरित पोरेत हिला पाखंडी, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीविरुद्ध मत मांडणारी, ठरवून जिवंत जाळण्यात आलं. न्यायालयाच्या कागदांत तिला ‘बेगीन’ म्हटलंय, म्हणजे नन न होता, आजन्म व्रत न घेता धार्मिक जीवन जगणारी स्त्री. या एका घटनेवरून बेगीन म्हणजे पाखंडी, असं समीकरण डोक्यात बसतं आणि मग पुढचं सगळं वाचन त्याच चष्म्यातून होतं. मध्ययुगीन चर्चचा इतिहास अभ्यासणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच नीट समजून घ्याव्यात.

त्यांना नन समजू नका

बाराव्या शतकाच्या अखेरीपासून लिएज, ब्राबांत, फ्लँडर्स या भागांत, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या परिसरात, या स्त्रिया दिसू लागतात. अविवाहित मुली, विधवा. काही एकत्र राहणाऱ्या, काही एकेकट्या. वसाहतीत असेपर्यंत ब्रह्मचर्य पाळायचं, पण आजन्म व्रत नाही. उद्या लग्न करावंसं वाटलं तर बाहेर पडायची मोकळीक होती. मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवता येई.

घेंटच्या सेंट एलिझाबेथ वसाहतीबद्दल १३२८ मध्ये बिशपच्या तपासनिसांपुढे एक निवेदन ठेवलं गेलं. ते मिळालं तर जरूर वाचा. चांगल्या घरच्या पण हुंड्याची ऐपत नसलेल्या मुलींना ना योग्य स्थळ मिळे, ना मठात जागा. त्यांच्यासाठी ही वसाहत झाली, असं त्यात सांगितलंय. कपडे, बिछाना आणि एक पेटी, यापलीकडे अनेकींकडे काही नव्हतं. शहरातून आलेली लोकर धुवायची, कापड साफ करायचं, त्यावर पोट भरायचं. काम चालू असताना दोघीजणी स्तोत्रं म्हणत, एक ओळ एकीने, पुढची दुसरीने. बाकीच्या मनातल्या मनात साथ देत. पाखंडाच्या चौकशीच्या सावटाखालचं हे जगणं होतं.

संशयाचं मूळ बऱ्याच अंशी या ना नन, ना संसारी अशा जगण्यातच आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने नवे धर्मसंघ काढायला मनाई केली होती. बेगीन ना मान्यताप्राप्त संघात, ना नवऱ्याच्या घरात. त्यांच्यावर हुकूम कोणाचा, हा प्रश्न चर्चला सतत टोचत राहिला. त्यात काहीजणी धर्मग्रंथ लोकभाषेत वाचत. १२७४ मध्ये फ्रान्सिस्कन संघाचा साधू गिल्बेर द तुर्ने याने याचीच तक्रार केली.

आरोपांच्या यादीला कबुलीजबाब समजू नका

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा थांबून पाहू. १३११-१२ च्या (फ्रान्समधल्या) व्हिएन धर्मसभेच्या एका हुकुमात जर्मन प्रदेशातल्या बेगीन स्त्रिया आणि त्यांच्यासारखंच जगणाऱ्या ‘बेगार्ड’ पुरुषांच्या नावावर आठ चुकीची मतं मांडली आहेत. माणूस याच जन्मात निष्पाप होऊ शकतो, मग त्याला उपास-प्रार्थनेची गरज नाही, अशा धर्तीची. यावरून ‘मुक्त आत्म्याचा पंथ’ नावाची मोठी गुप्त संघटना होती, असं पुष्कळ काळ लिहिलं गेलं. रॉबर्ट लर्नर यांनी १९७२ मध्ये पुरावे तपासून अशी संघटना नव्हतीच, असं दाखवलं.

त्या यादीतलं एक मत असं : परिपूर्ण आत्मा सद्गुणांना निरोप देतो. पोरेतच्या ‘साध्या आत्म्यांचा आरसा’ या पुस्तकातून काढलेल्या आरोपातही हेच वाक्य होतं. पुस्तकात मात्र त्यापुढे खुलासा आहे की सद्गुण आत्म्याला सोडून जात नाहीत, फक्त आत्मा त्यांचा गुलाम राहत नाही. खटल्यात पुस्तकावर मत देणाऱ्या २१ धर्मपंडितांपुढे निवडक उतारेच ठेवले होते. आधी तीन विद्वानांनी या पुस्तकाला पसंती दिली होती. त्यांत गोदफ्रुआ द फोंतेन हा नामवंत धर्मपंडितही होता. मार्गरितने शपथ घ्यायलाच नकार दिला, त्यामुळे तिची बाजू कागदावर नाही. हे पुस्तक मठांमध्ये निनावी वाचलं जात राहिलं; लेखिका कोण, हे रोमाना ग्वार्निएरी यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं.

आणि मार्गरितला सगळ्या बेगिनींची प्रतिनिधी करू नका. त्याच पॅरिसमध्ये राजा नववा लुई याने वसवलेली बेगिनींची मोठी वसाहत होती.

सगळ्यांना एका माळेत ओवू नका

दक्षिण फ्रान्समधले ‘बेगीन’ म्हणजे फ्रान्सिस्कन पीटर ऑलिवीचे अनुयायी, स्त्रिया आणि पुरुषही. त्यांचा वाद दारिद्र्यव्रतावरून होता. फ्लँडर्सच्या बायकांशी त्याची गल्लत नको. चर्चचा निवाडाही कायम एकच नसे : इटलीतल्या हुमिलियाती या साधेपणाने राहणाऱ्या धार्मिक गटाला ११८४ मध्ये वाल्डेन्सियन या पाखंडी ठरवलेल्या पंथासोबत बहिष्कृत केलं, आणि १२०१ मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने त्याच हुमिलियातींना मान्यता दिली.

गोव्याचं इन्क्विझिशन इथे आणू नका

इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय, म्हटलं की मराठी वाचकाला गोवा आठवतो, ते स्वाभाविकच. पण १५६० चं गोव्यातलं न्यायालय पोर्तुगीज राजसत्तेशी बांधलेलं, कायमचं कार्यालय होतं. १३१० मध्ये अशी एक संस्था नव्हती. पोपच्या अधिकाराने नेमलेले वेगवेगळे चौकशी अधिकारी होते. मार्गरितची चौकशी करणारा डॉमिनिकन संघाचा साधू गियोम द पारी हा राजा चौथ्या फिलिपचा कबुली ऐकणारा धर्मगुरूही होता, आणि त्याच काळात टेम्पलर या लढाऊ धर्मसंघाच्या सरदारांवरच्या खटल्यातही गुंतला होता.

व्हिएननंतर बेगीन संपल्या, असं लिहू नका

व्हिएन धर्मसभेचे हुकूम १३१७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा स्ट्रासबर्गच्या बिशपने कडक मोहीम उघडली. पण बेगिनींवर बंदी घालणाऱ्या (आठ मतांच्या यादीहून वेगळ्या) मुख्य हुकुमातच सदाचरणी स्त्रियांना सवलत होती, आणि १३१८ मध्ये पोप बावीसाव्या जॉनने निर्दोष बेगिनींना त्रास देऊ नका असं बजावलं. म्हणून एखाद्या गावाबद्दल लिहिताना आधी तिथला बिशप कोण आणि दशक कोणतं, हे तपासा. फ्लँडर्समधल्या १३ वसाहती १९९८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या, आणि शेवटची बेगीन मार्सेला पातेन २०१३ मध्ये बेल्जियममधल्या कोर्ट्राइकमध्ये वारली.