गाडीचा अल्टरनेटर काढायच्या आधी एवढं बघून घ्या

पावसात खानापूरकडनं चोर्ला घाटात जायचं म्हणजे वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं एकदम चालू, आणि तिथंच बॅटरीचा लाल दिवा लागला की जीव घाबरतो, म्हणून निघायच्या आधीच चेक करा.

अल्टरनेटरला, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या पार्टला, आपल्याकडं बरेच जण अजून डायनामोच म्हणतात, दुकानात तसं सांगितलं तरी कळतंय. पार्टच्या दुकानात किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलात की पहिला गाडीवरच टेस्ट करायला सांगा, लगेच खोलू देऊ नका. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ यायला पाहिजे, कमी असेल तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या, उतरलेल्या बॅटरीवर केलेली टेस्ट फसवते. मग गाडी चालू करून १३.५ ते १४.७ च्या मधे आलं तर ठीक. आता हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावा आणि रेस थोडी वाढवा, तरी १३ च्या खाली उतरत असेल तर चार्जिंग कमी पडतंय. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेलाय, बॅटरी उकळेल.

बेल्ट ढिला आहे काय, टर्मिनलला पांढरं साचलंय काय तेही बघा, कितीदा दोष तिथंच असतो.

आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून टेस्ट करणारे अजून भेटतात, त्यांना कृपया थांबवा, ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, जळू शकतो.