जुन्या ब्लूज तबकड्यांचे पुनर्प्रकाशन : या चुका टाळा

अमेरिकेतील जुन्या ब्लूज संगीताचा फार मोठा भाग लहान, स्वतंत्र लेबलांमुळेच, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांमुळेच, आज ऐकायला मिळतो. पॅरामाउंट हे लेबल विस्कॉन्सिन राज्यातील खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीने काढले, तर ट्रम्पेट हे लेबल मिसिसिपीतील जॅक्सन शहरात लिलियन मॅकमरी यांच्या फर्निचरच्या दुकानातून उभे राहिले. अशा लेबलांचे आयुष्य थोडे असे आणि दफ्तर अनेकदा अपुरे. पॅरामाउंटचे धातूचे मूळ साचे तर बहुतेक भंगारात गेले. त्यामुळे पुनर्प्रकाशन करणाऱ्याच्या हाती बरेचदा एखादी झिजलेली तबकडी आणि तिच्यावर चिकटवलेला गोल कागद (यालाही लेबलच म्हणतात) एवढाच ऐवज उरतो. यांपैकी कागदावर गरजेपेक्षा जास्त आणि तबकडीवर गरजेपेक्षा कमी विश्वास ठेवला जातो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

लेबलावरचे नाव जसेच्या तसे उतरवणे

ट्रम्पेटची १४६ क्रमांकाची तबकडी याचे उत्तम उदाहरण आहे. ऑगस्ट १९५१मध्ये एल्मोर जेम्स यांनी गायलेले ‘डस्ट माय ब्रूम’ तिच्या एका बाजूला आहे आणि लेबलावर त्यांचे नाव ‘एल्मो जेम्स’ असे छापले आहे. दुसऱ्या बाजूच्या ‘कॅटफिश ब्लूज’वरही तेच नाव आहे, प्रत्यक्षात तो आवाज बोबो थॉमस यांचा आहे. लेबल पाहून यादी करणारा दोन्ही गाणी एकाच गायकाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो.

‘डस्ट माय ब्रूम’मधील हार्मोनिका सनी बॉय विल्यमसन यांची आहे, असे लिहिले तरी काम पुरे होत नाही, कारण या नावाचे दोन वादक होऊन गेले. शिकागोत ब्लूबर्ड लेबलसाठी गाणारे जॉन ली विल्यमसन १९४८ सालीच वारले होते. ट्रम्पेट लेबलसाठी वाजवणारे ते राइस मिलर. त्यांच्या थडग्यावरचा दगड खुद्द मॅकमरी यांनी बसवला, तरीही त्यावर कोरलेली मृत्यूची तारीख जूनमधली आहे आणि मृत्यू मात्र मे १९६५मध्ये झाला. लेबलाच्या मालकिणीने उभारलेल्या दगडाची ही गत असेल, तर आठवणीतून सांगितलेल्या तारखांबद्दल वेगळे सांगायला नको.

काही वेळा फसवणूक हेतुपुरस्सर असे. पॅरामाउंटने १९२९मध्ये चार्ली पॅटन यांची एक तबकडी ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावाने काढली आणि हा मुखवट्यामागचा गायक कोण, हे ओळखण्याची स्पर्धा लावली. त्यांचीच धार्मिक गाणी ‘एल्डर जे. जे. हॅडली’ या नावाखाली विकली गेली.

यावर उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. नोंदवहीत ‘लेबलावर छापलेले नाव’, ‘निश्चित केलेले नाव’ आणि ‘निश्चितीचा आधार’ असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि पहिल्या रकान्यातील शुद्धलेखनाची चूकसुद्धा सुधारू नये. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) तिरप्या उजेडात वाचून अक्षरन्‌अक्षर उतरवावा. तबकडीचा विक्री क्रमांक आणि मॅट्रिक्स क्रमांक या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच गाण्याची दोन वेगळी ध्वनिमुद्रणे एकाच विक्री क्रमांकाखाली बाजारात आलेली असू शकतात. आपल्या हातात त्यांपैकी कोणते आहे, हे मॅट्रिक्स क्रमांकामागच्या ‘टेक’च्या (गाण्याच्या कितव्या मुद्रणाच्या) खुणेवरून कळू शकते.

स्पिरिटने पुसणे

ही चूक सुधारता येत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्यांत शेलॅक, म्हणजे आपल्याकडच्या लाखेपासून बनणारा पदार्थ, असतो आणि तो अल्कोहोलमध्ये विरघळतो. एलपीसाठी (नंतरच्या मंद फिरणाऱ्या व्हिनाइल तबकड्यांसाठी) विकल्या जाणाऱ्या काही द्रवांत अल्कोहोल असते, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय थेंबही टाकू नये. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणद्रावणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश आणि लेबल कोरडे ठेवण्याची दक्षता एवढे पुरते. मधल्या छिद्राच्या कडेला ॲल्युमिनियम चमकताना दिसले, तर ती शेलॅकची नसून लॅकरचा थर दिलेली एकप्रती तबकडी आहे, असे समजावे. तिलाही स्पिरिट चालत नाही, आणि तिचा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तिला हात न लावता जाणकाराकडे न्यावे.

चुकीची सुई आणि चुकीचा वेग

एलपीच्या सुईचे टोक साधारण ०.०१८ मिलिमीटर त्रिज्येचे असते, तर ७८ फेऱ्यांच्या खाचेला साधारण ०.०७५ मिलिमीटरची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी रखडत जाते आणि तिथला सगळा कचरा ध्वनी म्हणून ऐकवते. झिजलेल्या तबकडीसाठी किंचित लहान आणि किंचित मोठी अशा दोन-तीन मापांच्या सुया लावून पाहाव्यात, कारण जुन्या पोलादी पिनांनी खाचेचा जो भाग खरवडला, त्याच्या वर किंवा खाली न झिजलेली भिंत शिल्लक असू शकते. एकध्वनी तबकडी असली तरी ती स्टिरिओ पद्धतीनेच मुद्रित करून घ्यावी. डावी-उजवी भिंत स्वतंत्र ऐकली की कमी झिजलेली कोणती, ते कळते.

वेगाच्या बाबतीत भारतातील संग्राहकांची एक खास चूक होते. वेग तपासण्यासाठी तबकडीवर ठेवायच्या अमेरिकी स्ट्रोबोस्कोप चकतीवर ९२ रेघा असतात. त्या ६० हर्ट्झ विजेच्या दिव्याखाली ७८.२६ फेऱ्यांना स्थिर दिसतात. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या दिव्याखाली त्याच रेघा ६५च्या आसपास स्थिर होतात. इथे ७७ रेघांची चकती वापरावी. तिच्यावर ७७.९२ ही गती मिळते आणि उरलेला किरकोळ फरक नंतर भरून काढता येतो. दिवा निऑनचा किंवा जुन्या पद्धतीचा तारेचा असावा, कारण पुष्कळ एलईडी दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत.

मात्र लेबलावर ७८ लिहिले म्हणून मुद्रणही त्याच वेगाने झाले, असे नाही. गिटार एकटीच असेल तर तिच्या स्वरावरून वेग ठरवणे धोक्याचे आहे, कारण वादक ती आपल्या गळ्याला सोयीची लावून घेत असे. हार्मोनिकाच्या पट्ट्या मात्र कारखान्यातच स्वरात लावलेल्या असतात, त्यामुळे ‘डस्ट माय ब्रूम’सारख्या ध्वनिमुद्रणात तीच चांगली साक्षीदार ठरते. पार्श्वभूमीला विजेची गुणगुण ऐकू येत असेल तर तीही तपासावी. ६० हर्ट्झजवळची असेल तर ती मूळ स्टुडिओची असण्याचा संभव आहे, नेमकी ५० हर्ट्झची असेल तर ती बहुधा तुमच्याच यंत्राची आहे. स्वर लाटेसारखा वर-खाली होत असेल, तर संगणकाकडे धावण्याआधी मधले छिद्र केंद्रात आहे का, ते पाहावे.

खरखर पूर्ण घालवण्याचा अट्टहास

पॅरामाउंटच्या तबकड्यांचा माल नव्या असतानाही भरड होता. ती खरखर मुळातली आहे. ती शून्यावर आणू गेलात तर तिच्याबरोबर ‘स’, ‘त’सारखी व्यंजने आणि तार छेडल्याचा पहिला टोकदार आघातही जातो, आणि गायक पाण्याखालून गात असल्याचा भास होतो. आधी कोणतीही प्रक्रिया न केलेली २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची मूळ फाइल जपून ठेवावी. मग प्रतीवर टिचक्या काढाव्यात आणि त्यानंतरच स्वरपट्ट्यांचा, म्हणजे खर्ज आणि तार स्वरांचा, समतोल साधावा. एलपीसाठी रूढ झालेला आरआयएए (अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेचा) समतोल १९५४ साली ठरला. तो १९२९च्या तबकडीला डोळे झाकून लावणे चूक आहे.

चुंबकीय फितींबाबत एकच सूचना : चिकट झालेली फीत मंद उष्णतेत भाजण्याचा उपाय १९७०नंतरच्या पॉलिएस्टर फितींसाठी आहे. पन्नाशीच्या दशकातील ॲसिटेट फितीला व्हिनेगरसारखा वास येतो. तिला भाजल्यास ती कायमची जाते.

‘जुने आहे, म्हणजे मुक्त आहे’ ही समजूत

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. अमेरिकेचा २०१८चा कायदा वेगळा आहे. तेथे १९२३ ते १९४६ या काळात प्रकाशित ध्वनिमुद्रणांना १०० वर्षे, तर १९४७ ते १९५६ दरम्यानच्यांना ११० वर्षे संरक्षण मिळते. म्हणजे पॅरामाउंटची १९२९ची तबकडी तिथे २०३०च्या आरंभी मुक्त होईल, आणि ट्रम्पेटची १९५१ची २०६२मध्ये. शिवाय गाण्याच्या रचनेचा हक्क ध्वनिमुद्रणापासून अलग असतो. ‘डस्ट माय ब्रूम’ हे गाणे रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६मध्येच सॅन अँटोनियोत मुद्रित केले होते, त्यामुळे एल्मोर जेम्स यांच्या तबकडीची परवानगी मिळाली तरी रचनेची चौकशी वेगळी करावीच लागते. लहान लेबलांचे संग्रह अनेकदा हात बदलतात. अर्हूली या लहान लेबलाचा संग्रह २०१६मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या फोकवेज लेबलाकडे गेला. म्हणून हक्कधारकाला लिहायचे पत्र तबकडी यंत्रावर चढवण्याआधी धाडावे, आणि कलावंताच्या वारसांचा वाटा किती व तो कोणामार्फत पोचणार, याची विचारणा त्याच पत्रात करावी.